उंट उठतो तेव्हा

सकाळी साडेसात. दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखातलं चौथं वाक्य: ‘बर्नार्ड लुईस हा इतिहासकार नव्हताच, त्याला अरबीही धड येत नव्हतं.’ पुरावा काय, तर एडवर्ड सैदचं नाव. लेखक माझे जुने सर. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि आंघोळीला गेले.

नऊ. आधी कागदपत्रं. लुईसची १९३९ सालची लंडनची डॉक्टरेट इस्माइली पंथाच्या उगमावर आहे. १९४९च्या सुमारास इस्तंबूलचं उस्मानी दप्तर ज्या पहिल्या पाश्चात्त्यांना उघडून मिळालं, त्यांत तो होता. १९६१ला आधुनिक तुर्कस्तानावरचा मोठा ग्रंथ, १९७४पासून प्रिन्स्टन. आपल्याकडे मोडी दप्तरात दिवसचे दिवस घालवलेल्या माणसाला ‘इतिहासकार नव्हेच’ म्हणायला आपली जीभ रेटेल का?

अकरा. मुख्य मामला उंटाचा. अरबीत क्रांतीला ‘थौरा’ म्हणतात. १९७२च्या एका लेखात लुईसनं त्याच्या धातूचा अर्थ देताना उठणं म्हटलं आणि उदाहरण दिलं उंटाचं. सैद १९७८च्या ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये यावर भडकला: आजच्या अरबांची क्रांती म्हणजे बसलेलं जनावर उठणं? १९८२ला लुईसनं उत्तर दिलं की, अरबी कोशकारांची रीतच ही, आधी डोळ्यांना दिसणारा अर्थ, मग पुढचे.

हे वाचताना मला हसू आलं, कारण आपला ‘उठाव’ तरी कुठून आला? अरबीत धूळ उठते तीही याच धातूनं, आणि ‘थौर’ म्हणजे बैल. व्युत्पत्तीत लुईस चुकला नाही. पण शब्दाच्या मुळाशी उंट आहे म्हणून विसाव्या शतकातल्या माणसांचं राजकारण तिथेच बांधून ठेवायचं का, हा सैदचा प्रश्न त्यानं हुशारीनं टाळला. त्या पानावरचा आक्षेप अरबी येण्या-न येण्याचा नाहीच.

दीड. डबा. गवार.

तीन. सरांना फोन.

“म्हणजे तू त्याची बाजू घेतेस?”

“नाही हो सर. मारायचंच तर लागेल तिथे मारा ना!”

आणि जागा आहेत. आर्मेनियनांच्या कत्तलीला वंशसंहार म्हणायला त्यानं नकार दिला, त्यावरून १९९५ला पॅरिसच्या न्यायालयानं एक फ्रँकची नुकसानभरपाई लावली. २००२चं ‘व्हॉट वेंट राँग?’ उस्मानी दरबाराबद्दल भरभरून बोलतं, पण विसाव्या शतकातल्या अरब देशांबद्दल हात आखडता घेतं. त्याच लेखकाचं इराक युद्धाआधी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष चेनी यांच्या वर्तुळात वजन होतं. पदवी खरी असूनही हे सगळं घडलं, आणि मला तेच जास्त टोचतं. पदवीच खोटी ठरवली की हे विचारायची गरजच उरत नाही.

सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “सैदही इंग्रजीचाच प्राध्यापक होता म्हणा.” हे त्यांना आधी सुचलं असतं तर माझी सकाळ वाचली असती.

साडेपाच. चौथं वाक्य गेलं. त्याजागी दोन परिच्छेद आले, सरांच्याच शब्दांत. फोनवर सांगत गेले, मी टाइप करत गेले.

सात. पानं लावणाऱ्या मुलानं मान वर केली. “मॅडम, अकरा ओळी वाढल्यात. उंट काढू?”

“उंट राहू दे. माझी संपादकीय टीप काढ.”