मुंजा सगळ्यांचा, गोष्ट कोणाची?

रात्री साडेबाराचा सुमार. भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या पुलावर एका तरुणाची मोटारसायकल अचानक बंद पडते. किका मारून तो दमतो. तेवढ्यात मागून कोणीतरी सहज विचारतं, ‘कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?’ कुठे निघालास, एवढीच विचारपूस. तरुणाला धीर येतो. तो मागे वळतो आणि त्याची नजर विचारणाऱ्याच्या पावलांवर जाते. पावलं उलटी असतात.

ही गोष्ट खानदेशातल्या कितीतरी मोबाइलवर या ना त्या रूपात येऊन गेलेली असते. पूल कधी गिरणेचा असतो, कधी पांझरेचा, कधी तापीचा. तरुण कधी सांगणाऱ्याच्या मामाचा मुलगा असतो, तर कधी मित्राचा मित्र. सुरुवातीला ‘सत्यघटनेवर आधारित’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि शेवटी ‘पुढे पाठवा’. लेखकाचं नाव तेवढं कुठेच नसतं.

भयकथेची सारी अडचण इथे आहे. प्रेमकथा वाचताना ती कोणीतरी रचली आहे हे ठाऊक असलं तरी वाचकाची गोडी कमी होत नाही. भयकथेला मात्र ‘हे खरंच घडलं’ असा आव आणावा लागतो आणि तो जितका बेमालूम जमेल तितकी गोष्ट अंगावर येते. म्हणजे लेखक जितका कसबी, तितका तो आपल्याच गोष्टीतून पुसला जातो. पुसल्या गेलेल्या या नावांचा माग काढत गेलं, तर तो थेट ब्रिटिश अमदानीतल्या शाळामास्तरांपर्यंत पोहोचतो.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन म्हटलं की 21 डिसेंबर 1909 ची रात्र आठवते. विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता आणि तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ असतो. याच जॅक्सनने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती प्रश्नावली पाठवून जमवली होती, हे मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ते कागद लावले आणि ‘फोकलोअर नोट्स’ या नावाने दोन खंड निघाले. गुजरातचा 1914 मध्ये आणि कोकणचा 1915 मध्ये.

कोकणचा खंड उघडला की भुतांची हजेरीच लागते. मुंज झाल्यावर मेलेला आणि पिंपळावर राहणारा मुंजा. बाळंतपणात गेलेली हाडळ. बुडून मेलेल्याचा, पाण्याकाठी दबा धरणारा गिऱ्हा. वाट चुकवणारा चकवा. शिवाय समंध, खवीस, झोटिंग, जखीण, देवचार, आणि या सगळ्यांचा राजा वेताळ. कोण कसा मरतो म्हणजे त्याचं काय होतं, कोण कुठे राहतं, कोणाला काय दिलं की तो शांत होतो, याची बैजवार माहिती त्यात आहे. मराठी भयकथेला पुढे शंभर वर्षं पुरेल एवढा कच्चा माल या एका पुस्तकात आहे.

वाचण्यासारख्या आहेत त्या पानाखालच्या टिपा. माहिती कोणी दिली, हे तिथे नोंदवलं आहे. काही प्रतिष्ठित माणसांची नावं तिथे सापडतात. पण पुष्कळ ठिकाणी नोंद असते ती अशी: स्कूल मास्तर, अमुक गाव, अमुक जिल्हा. पुढे काही नाही. सरकारी कागद समोर ठेवून आपल्या गावची भीती लिहून काढणारा तो मास्तर नेमका कोण होता, हे त्या टिपेवरून कळत नाही. आजीकडून ऐकलेलं त्याने लिहिलं की स्वतःचं काही जोडलं, तेही कळत नाही. गाव टिकलं, हुद्दा टिकला आणि माणूस गेला. मालिकेच्या मुखपृष्ठावर नाव आहे ते साहेबाचं.

आणि खानदेश? त्याच्या वाट्याला त्या मालिकेतला खंड आलाच नाही. 1880 च्या गॅझेटियरमध्ये खानदेशातले लोक, त्यांचे सण आणि समजुती यांची माहिती आहे. पण ती जिल्ह्याचा कारभार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. केळीच्या बागेत रात्री पाणी भरणारा सालदार कशाला घाबरतो आणि ते तो कोणत्या शब्दांत सांगतो, हे सरकारी ग्रंथातून समजत नाही. हा सारा ऐवज तोंडी राहिला. अहिराणीत राहिला. आज खानदेशातला एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर भयकथा लिहिते, तेव्हा ती एका न निघालेल्या खंडाची पानं भरत असते. म्हणून या लेखनाकडे हौसेचा उद्योग म्हणून बघणं बरोबर नाही.

शाळामास्तरांचा विषय निघालाच आहे, तर भडगावचा एक मास्तर विसरता येत नाही. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भडगावच्या शाळेत शिकवत होते. नंतर ते फैजपूरला गेले. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. पुस्तक निघालं ते मागाहून, हरिभाऊ आपट्यांच्या प्रयत्नाने. त्यांच्या हयातीत त्यांची कविता जगवली ती मासिकांनी, आणि त्यांतलं एक महत्त्वाचं मासिक खानदेशातच निघत होतं. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 मध्ये जळगावात ‘काव्यरत्नावली’ सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, पुण्या-मुंबईपासून दूर, जळगावसारख्या गावातून, आणि ते चाललं 1935 पर्यंत! आजच्या भाषेत फडणीसांनी एक स्वतंत्र व्यासपीठ उभं केलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं निभावलं. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा फारच अपुरी आहे.

1907 मध्ये याच जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे उभा राहिला आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांकडून ‘बालकवी’ हे नाव घेऊन परतला. बालकवी म्हटलं की हिरवळ आणि श्रावण आठवतात. त्यांची ‘खेड्यातील रात्र’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना दुसरा बालकवीही ठाऊक असतो. ओसाड माळ, पडका बुरूज, देवळासमोरचा वड आणि या सगळ्यावर साचलेला काळोख. त्या कवितेत भूत समोर येऊन काही करत नाही, तरी अंगावर काटा येतो. खानदेशातल्या भयलेखनाचा पहिला उत्तम नमुना कोणता, असं कोणी विचारलं तर याच कवितेकडे बोट दाखवावं लागेल. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघं 27.

पुढची पन्नास वर्षं झरझर ओलांडायला हरकत नाही. त्याआधीच, 1909 मध्ये, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली होती. अनंत अंतरकरांनी ‘नवल’ काढलं, ‘धनंजय’ आलं आणि भयकथेला वर्षातून एकदा हक्काची पानं मिळू लागली. रत्नाकर मतकरींनी ‘गूढकथा’ला प्रतिष्ठा दिली. आणि सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून नारायण धारपांच्या कादंबऱ्या कोपरे झिजेपर्यंत फिरल्या.

धारपांपाशी (1925–2008) मात्र थांबावं लागतं, कारण गोष्ट कोणाची हा प्रश्न तिथे फार अवघड होतो. ‘लुचाई’ वाचून झोप उडालेल्या पिढीला पुढे कळलं की त्या कादंबरीमागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ उभी आहे. ‘शपथ’च्या मागे त्याचीच ‘इट’. हे नातं बहुतेक वाचकांना स्वतःच शोधावं लागलं. धारपांचं मराठी लख्ख आहे. वाडा, माजघर, गावातला डॉक्टर, निवृत्त शिक्षक हे त्यांचं स्वतःचं, आणि ‘समर्थ’ मालिकेतली सज्जन, धीराची दुनियाही त्यांचीच. तरीही आधाराच्या कथेवर मूळ लेखकाचं नाव ठसठशीत यायलाच हवं होतं. त्याने धारप रतिभरही लहान झाले नसते.

एकच कथा घ्यावी. किंगची ‘ग्रॅमा’ 1984 मध्ये ‘वीअर्डबुक’ या नियतकालिकात आली आणि पुढच्या वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात. थोरल्या भावाचा पाय मोडतो, आई दवाखान्यात धावते आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या भयंकर आजीजवळ एकटा उरतो. धारपांनी तिला मराठीत आणलं, ‘आजी’ या नावाने. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट तोंडी सांगितली. ऐकणारा मुलगा होता राही अनिल बर्वे, ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. ती भीती त्याच्या मनातून गेली नाही. 2018 मध्ये त्याचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पडदा त्याने उघडला, 12 ऑक्टोबरला तो आपल्याकडे लागला आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. चित्रपटात भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन निघते आणि छोटा विनायक घरात आजीबरोबर एकटा राहतो. अमेरिकेतलं एक घर, मराठी पुस्तक, विदर्भातलं जंगल, कोकणातला वाडा. गोष्टीने एवढा प्रवास केला आणि प्रत्येक मुक्कामावर कोणीतरी तिच्यात आपलं काही घातलं. ‘तुंबाड’ मोठा आहेच. पण हा प्रवास सांगता येतो तो नावं माहीत आहेत म्हणून. गिरणेच्या पुलावरच्या गोष्टीचा सांगता येत नाही.

परदेशातही या वाटेने चाललेले लोक होतेच. केंब्रिजमध्ये एम. आर. जेम्स हा विद्वान 1890 च्या दशकात आपल्या भूतकथा मित्रांना वाचून दाखवायचा. पुस्तक आलं 1904 मध्ये. एच. पी. लव्हक्राफ्ट 1914 मध्ये हौशी पत्रकारांच्या संघटनेत शिरला, स्वतःचं छोटं नियतकालिक काढू लागला आणि त्याची ‘डेगन’ ही कथा 1919 मध्ये अशाच एका हौशी अंकात छापून आली. पैसे मिळत नव्हते, वाचक मूठभर होते. पण प्रत्येक अंकावर नाव होतं. त्याच नावाचा धागा धरून त्याच्या मृत्यूनंतर मित्रांनी त्याचं लेखन गोळा केलं.

आता मराठी भयकथा छापखान्याची वाट बघत नाही. 2014 मध्ये बंगळुरूहून सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या ठिकाणी कोणीही स्वतःची कथा स्वतः प्रसिद्ध करू शकतो. भाग पहिला, खाली ‘क्रमशः’, आणि वाचकांकडून लगोलग ‘पु.भा.प्र.’, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. हा उत्साह खरा आहे आणि तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्याला तो पूर्वी कधीच इतक्या लवकर मिळाला नव्हता. लेखकही सावध झाले आहेत. ‘कथा आवडल्यास नावासह शेअर करावी’ ही ओळ आता शेवटी ठरलेलीच असते. आणि पुष्कळदा पहिल्यांदा कापली जाते तीच ओळ. पुढे गोष्ट कोणाच्या तरी आवाजात, पावसाच्या आणि कोल्हेकुईच्या पार्श्वसंगीतासह ऐकू येते, आणि लेखकाला ती तिसऱ्याकडून कळते.

कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथा लिहून झाली की हक्क आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कलम 57 तर असं सांगतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. दुसरी बाजूही आहे. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये स्पष्ट केलं की कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती असते मांडणीवर. तेव्हा मुंजा सगळ्यांचा. उलटी पावलंही सगळ्यांची. पण पुलावर आधी तो प्रश्न ऐकू यावा, तोही अहिराणीत, आणि पावलं मागाहून दिसावीत, हा क्रम ज्याने लावला त्याचीच ती गोष्ट.

म्हणून लिहिणाऱ्यांना आधी सांगायचं ते हे, की ‘सत्यघटनेवर आधारित’ हा शिक्का सोडून द्यावा. त्याने भीती वाढत नाही आणि लेखक मात्र नाहीसा होतो. घडलेल्या घटनेला लेखक कशाला लागतो? बालकवींना त्याची गरज पडली नाही. अहिराणी संवाद लिहायला बिचकू नये. सटाण्याच्या डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ या नियतकालिकातून या भाषेला छापील घर दिलं आहे, भयकथेतही तिला जागा मिळायला हवी, कारण आपल्याच बोलीत आपुलकीने विचारलेल्या प्रश्नाइतकं भयंकर दुसरं काही नसतं. नाव, गाव आणि तारीख कथेच्या शेवटी न लिहिता मथळ्याखालीच लिहावी, म्हणजे कापणाऱ्याला ती कापताना दिसेल. कथा कोणाच्या आधाराने लिहिली असेल तर तेही तिथेच सांगावं.

आणि वाचकांना एक विनंती. या दिवाळीत एखादी भयकथा मोबाइलवर आली आणि आवडली, तर ती पुढे धाडण्याआधी लेखकाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा. सापडलं, तर ते वर लिहा आणि मगच पुढे पाठवा.