दात काढण्यापूर्वी

दाढ दुखू लागली की आपण दंतवैद्याकडे धाव घेतो. पण हृदयासाठी वा रक्तदाबासाठी रोज घेत असलेल्या गोळ्यांचा तेथे उल्लेख करावा, असे आपल्याला सहसा सुचत नाही. दाताशी त्यांचा काय संबंध, असे आम्हांलाही पूर्वी वाटे.

संबंध निकटचा आहे. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तातील प्लेटलेट पेशी एकमेकींना सहजी चिकटत नाहीत. म्हणून दात काढल्यावर रक्त थोडे अधिक वेळ वाहते. या धास्तीने कित्येक जण आपल्याच मनाने गोळी बंद करतात. हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर! एक दिवस गोळी चुकवून काही साधतही नाही. तिचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो. हिरडीचे रक्त बोळा दाबून वा टाका घालून थांबविता येते. हृदयातील स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मात्र प्राणावर बेतते.

वॉरफरिन घेणाऱ्यास दातासाठी मेट्रोनिडाझोल दिल्यास रक्त अधिकच पातळ होते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. हाडांच्या ठिसूळपणावरील अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांची दात काढल्यावरची जखम क्वचित भरून येत नाही, जबड्याचे हाड उघडे राहते.

म्हणून दंतवैद्यांनी हे आवर्जून विचारावे, आणि आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी सोबत न्यावी. कोणती गोळी थांबवावी, हे दोन्ही डॉक्टरांनी ठरवावे. आपण काही लपवू नये, एवढेच.