तिसऱ्या प्रकरणाच्या पलीकडे

कार्ल मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ ज्यांच्या संग्रही असतो त्यांपैकी पुष्कळांची वाचनखूण पहिल्या तीन प्रकरणांतच कोठेतरी अडकलेली आढळते. आणि वीस वार तागाचे कापड म्हणजे एक कोट हे समीकरण जेथे उलटसुलट फिरू लागते, त्या पानावर माझीही खूण कित्येक वर्षे निमूट पडून होती, हे कबूल करावयास मला संकोच वाटत नाही. अशा वेळी डेव्हिड हार्वे यांच्या तेरा व्याख्यानांचे चित्रमुद्रण अवचित हाती लागले.

हार्वे हे मूळचे भूगोलाचे अध्यापक. १९३५ साली इंग्लंडातील केंट परगण्यात जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले हे गृहस्थ १९६९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी अध्यापनास गेले आणि तेथील घरांच्या प्रश्नाचा उलगडा प्रचलित सिद्धान्तांनी होईना, तेव्हा काही विद्यार्थ्यांसह हा ग्रंथ वाचू लागले. तो परिपाठ जवळजवळ चाळीस वर्षे चालल्यावर न्यूयॉर्क येथे २००७ मध्ये वर्ग मुद्रित झाला. राजकीय व्याख्यान म्हटले की मूठ आवळलेला वक्ता डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र एक पांढऱ्या दाढीचे मास्तर दोन-दोन तास पुस्तक उघडे ठेवून बोलत असतात आणि मार्क्स काय म्हणतो ते आधी त्याच्याच अटींवर समजून घ्या, खंडनमंडन मागाहून, एवढाच त्यांचा आग्रह असतो.

या सावकाशीलाही मर्यादा हवी, हे हार्वे अनुभवाने जाणतात: साहित्याच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी एकदा हा ग्रंथ वाचावयास घेतला, तर त्या मंडळींनी शब्दाशब्दाशी झोंबत सारे सत्र पहिल्या प्रकरणातच घालविले! उलट पंधराव्या प्रकरणातील चौथ्या तळटीपेपाशी, जी आपण डोळे मिटून ओलांडली असती, ते स्वतः मुद्दाम मुक्काम ठोकतात. कारण यंत्र, निसर्ग, उत्पादन, सामाजिक संबंध आणि मनुष्याच्या कल्पना यांचे परस्परांत गुंतलेले नाते त्यांना तेथे सापडते.

मला स्वतःला दहावे, कामाच्या दिवसाविषयीचे, प्रकरण अधिक भिडले. इंग्रज सरकारच्या कारखाना-निरीक्षकांचे अहवाल, म्हणजे सरकारी दप्तरातले रुक्ष कागद, मार्क्स तेथे साक्षीदारांसारखे उभे करतो. आणि १८६७ च्या त्या पानांवरील तासा-तासाची ओढाताण ऐकताना, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाहीत.

या दहाव्या प्रकरणावरील व्याख्यान मी प्रथम पुस्तक न उघडताच ऐकले आणि सर्व समजल्याच्या समाधानात होतो. दुसऱ्या खेपेस प्रकरण समोर ठेवले, तेव्हा मास्तर ज्या वाक्यांवरून भरभर पुढे गेले होते, नेमक्या त्याच वाक्यांपाशी मला थांबावे लागले.