कोणती धार चांगली? हा प्रश्न संशोधनाचा कसा करायचा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी फील्डवर्कसाठी एक घडीचा चाकू घेतला. पातं टोकाकडे साध्या धारेचं, मुठीकडे दातेरी. दुकानदार म्हणाला, "एकाच चाकूत दोन्ही कामं होतील." मलाही पटलं. त्या हंगामात पाटणच्या भातखाचरांतून आणि तासगावच्या द्राक्षबागांतून मी काड्यांचे नमुने कापून आणले. सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर काही काप स्वच्छ, काहींच्या पार चिंध्या. गाईड सरांनी एकच विचारलं, "कुठला नमुना पात्याच्या कुठल्या भागाने कापलास?"

वहीत तारीख होती, शेताचा गट नंबर होता, नेमकं तेवढंच नव्हतं. पेशी फाटल्या त्या रोगामुळे की चाकूमुळे, हे सांगता येईना. सगळा हंगाम वाया गेला. म्हणून आज चाकूच्या धारेबद्दल लिहितोय.

धार काम कशी करते?

साधी धार कापायच्या वस्तूला सलग रेषेत टेकते. सरळ दाबलं तरी कापते, आणि काप गुळगुळीत येतो. दातेरी धारेत तुमचा जोर आधी दातांच्या टोकांवर एकवटतो. तेवढ्याच जोरात दाब जास्त मिळतो आणि टोकं वस्तूत रुततात. पण खरं कापणं होतं ते ओढल्यावर. नुसतं दाबून दातेरी पातं फारसं उपयोगाचं नाही. शिवाय काप खरबरीत येतो, तंतू ओढले जातात.

आता आपल्याच भागात बघा. पाटण, जावळी, शिराळा इथे भात आहे. भाताच्या काडीत सिलिका भरपूर; काडी गुळगुळीत आणि धार बोथट करणारी. साधा विळा तिच्यावरून निसटतो आणि सारखा पाजवावा लागतो. दातेरी विळ्याचे दाते काडी धरून ठेवतात, आणि विळा तसाही ओढूनच चालवतात. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' विळा किंवा भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा 'नवीन' विळा, दोन्ही दातेरी आहेत.

तिथून वाळवा तालुक्यात उसाच्या फडात या. ऊसतोडीचा कोयता साध्या धारेचा असतो. कारण तिथे ओढणं नाहीच, घाव आहे. जमिनीलगत एका घावात ऊस तुटला पाहिजे, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. अशा घावाला दात्यांचा काही उपयोग नाही.

तासगावात द्राक्षाचं कलम करताना तर दातेरी धार चालतच नाही. डॉगरिज खुंटावर पाचर कलम करतात तेव्हा खुंट आणि डोळकाडी यांचे काप एकमेकांना सपाट चिकटावे लागतात, तरच दोन्हींचे वाढीचे थर जुळतात. काप फाटला की मध्ये फट राहते आणि कलम मरतं.

मग मिश्र धार?

कल्पना वाईट नाही. मुठीजवळ हाताचा जोर चांगला लागतो, म्हणून दाते तिथे. टोकाशी नाजूक काम, म्हणून तिथे साधी धार. पण समजा पातं आठ सेंटिमीटरचं आहे. दोघांच्या वाट्याला चार-चार सेंटिमीटर येतात. दातेरी धारेला ओढायला लांबी लागते, ती निम्मी झाली. साध्या धारेने लांब काप घ्यायचा तर मध्येच दाते आडवे येतात. सुतळी, नायलॉनची दोरी, पोतं अशी किरकोळ कामं असतील आणि खिशात एकच चाकू ठेवायचा असेल तर मिश्र धार ठीक. नमुने कापायला मात्र नको.

देखभाल विसरू नका

साधी धार कुणीही घरच्या दगडावर लावू शकतो. दातेरी धारेचा खाचांमधला भाग थेट घासला जात नाही, म्हणून ती जास्त दिवस टिकते. पण एकदा गेली की प्रत्येक खाचेत बारीक निमुळती कानस फिरवावी लागते. चाकूंची धार तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८४४२-५, बघा. त्यात वाळूमिश्रित कागदाचा गठ्ठा ठरावीक भाराखाली, ठरावीक अंतर पुढे-मागे कापून धार मोजतात. आणि वापरणाऱ्याने पुन्हा धार लावायची पाती आणि न लावायची पाती यांचे तिथे दोन वेगळे गट आहेत. म्हणजे मानक ठरवणाऱ्यांनीही सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजलेलं नाही.

आपल्यासाठी धडा

"कोणती धार चांगली?" हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न झाला. संशोधनाचा प्रश्न असा: कुठल्या पदार्थावर, कुठल्या हालचालीने, किती कापांनंतर, आणि चांगलं म्हणजे काय? जोर कमी लागणं, काप स्वच्छ येणं की धार टिकणं? हे ठरवलं नाही तर भातवाला आणि द्राक्षवाला दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि वाद संपत नाही.

प्रबंधाचा विषय निवडताना "कोणती पद्धत चांगली" असं लिहिलंत, तर हेच चार प्रश्न स्वतःला विचारा. दुसरं म्हणजे, तुमचं अवजारही प्रयोगाचाच भाग आहे, त्याची नोंद करा.

यंदा माझ्या पिशवीत दोन चाकू आहेत. नमुन्यांसाठी साध्या धारेचा, दोऱ्या-पोत्यांसाठी दातेरी. आणि वहीत एक नवा रकाना आहे: कशाने कापलं, आणि धार शेवटची कधी लावली.