सिंगल मॉल्ट कशी चाखावी?

परभणीकडच्या पेडगावच्या शिवारात पिकते त्या ज्वारीपासूनही मद्यार्क काढता येतो. सिंगल मॉल्ट व्हिस्कीला मात्र मोड आणून वाळवलेली बार्लीच लागते. ही व्हिस्की कशी बनते हे पाहायचं तर गोव्यातली कुंकळ्ळीची पॉल जॉन डिस्टिलरी गाठावी. स्कॉटलंडात ओकच्या पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडतं, गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या आसपास. त्याच उकाड्यामुळे इथली व्हिस्की लवकर मुरते. वयाच्या आकड्यावरून तिला कमी लेखणं चूकच.

चाखताना घाई नको. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडीशी घ्या, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा, मग दोन-चार थेंब पाणी घाला. दबलेला मधाचा, व्हॅनिलाचा वास मोकळा होतो.

बाटली परभणीला आणायची असेल तर आधी परवाना काढा. विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.