विश्लेषण : नेत्याच्या निधनानंतर चर्च शांततेचे आवाहन का करतात? त्याचा उपयोग किती?

ठाण्यातील सिंघानिया रुग्णालयात २६ ऑगस्ट २००१ रोजी शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचे निधन झाले. दोन दिवसांपूर्वीच्या अपघातानंतर त्यांच्यावर तेथे उपचार सुरू होते. बातमी बाहेर पडताच संतप्त जमावाने रुग्णालयाची तोडफोड करून ते पेटवून दिले. इतर रुग्णांना घाईघाईने बाहेर काढावे लागले. लोकनेत्याच्या मृत्यूनंतरचे पहिले काही तास किती नाजूक असतात, हे ठाणेकरांनी तेव्हा अनुभवले. अशा वेळी जगभरातील चर्च शांततेचे आवाहन करतात. त्यामागे काय असते?

आवाहनाचा आधार काय?

राज्यकर्त्यांसाठी आणि सर्वांच्या शांततामय जीवनासाठी प्रार्थना करावी, असे बायबलमधील तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. त्यामुळे पक्ष कोणताही असो, दिवंगत नेत्यासाठी प्रार्थना आणि अनुयायांना संयमाचे आवाहन या दोन गोष्टी एकत्रच येतात.

ते लोकांपर्यंत कसे पोहोचते?

बिशपांचे पत्र धर्मग्रामांना जाते आणि धर्मगुरू ते रविवारच्या मिस्सावेळी वाचून दाखवतात. ठाणे शहर कॅथलिक चर्चच्या मुंबई महाधर्मप्रांतात येते. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च हे येथील जुने धर्मग्राम. मूळच्या केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये स्वतंत्र कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे निरोप पोहोचवण्याची साखळी तयार असते. मात्र ती प्रामुख्याने स्वतःच्या समाजापुरती, हीच तिची मर्यादा.

आवाहन कधी उपयोगी पडले?

दक्षिण आफ्रिकेत १० एप्रिल १९९३ रोजी वर्णभेदविरोधी नेते ख्रिस हानी यांची हत्या झाली. देश यादवीच्या उंबरठ्यावर होता. नेल्सन मंडेला यांनी दूरचित्रवाणीवरून संयमाची विनंती केली. अंत्यसंस्कारावेळी आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी प्रचंड जनसमुदायाला शांततेच्या मार्गावर राहण्यास सांगितले. काही ठिकाणी हिंसाचार झाला, पण यादवी टळली आणि वर्षभराने निवडणुका झाल्या. मृत नेत्याचे सहकारी आणि धर्मगुरू एकाच सुरात बोलले, हे तिथे महत्त्वाचे ठरले.

कधी अपुरे ठरले?

ओडिशातील कंधमाळमध्ये २३ ऑगस्ट २००८ रोजी विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली. चर्चने हत्येचा निषेध करून शांततेचे आवाहन केले. तरीही तपास पूर्ण होण्याआधीच ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. हजारो लोकांना मदत छावण्यांत राहावे लागले. निषेध म्हणून २९ ऑगस्टला देशभरातील कॅथलिक शाळा बंद ठेवण्यात आल्या. जमाव ज्यांचे ऐकतो त्यांनी तेच सांगितले नाही आणि पोलीस बंदोबस्तही पुरेसा नसला, तर पीडितांच्या आवाहनाने हिंसा थांबत नाही, हा कंधमाळचा धडा.

मग शांतता टिकते कशामुळे?

कल्याणशेजारच्या भिवंडीत १९८४ मध्ये मोठी दंगल झाली होती. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या समाजांतील माणसे नियमित भेटू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. संकटाच्या दिवशीचे आवाहन आधीच्या ओळखीवर चालते, ते असे.

आता बदलले काय?

बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर १८ नोव्हेंबर २०१२ रोजी लाखोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. मात्र तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, बंदबाबतच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्यांपैकी एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. ज्या कलम ६६ अ मुळे हे प्रकरण गाजले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले.

२००१ मध्ये रुग्णालय, २०१२ मध्ये दवाखाना. राग निघाला तो उपचारांच्या जागेवरच. रुग्णालयांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. पण रविवारचे पत्र वाचले जाईपर्यंत मोबाइलवरची अफवा शहरभर फिरलेली असते. म्हणूनच आवाहन पहिल्या तासात आणि सर्व धर्मांच्या प्रमुखांनी नेत्याच्या पक्षासोबत एकत्र येऊन केले, तरच ते वेळेत पोहोचेल.