दोन चमचे साखर, 680 टन ऊस

बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बसस्टँडवर चहावाला साखर चमच्यानं घालत नाही, डब्यातून थेट पातेल्यात ओततो. एका कपात किती गेली, कोण मोजणार? आपण मोजू. कपाला दोन चमचे, म्हणजे आठ ग्रॅम. 2011च्या जनगणनेत बिदर जिल्ह्यात 17 लाख आणि कलबुर्गीत 25 लाख 66 हजार माणसं होती. तान्ह्या लेकरांसकट माणशी रोज सरासरी दोनच कप धरा. रोजची साखर झाली 68 टन! शंभर किलो उसातून साधारण दहा किलो साखर निघते. म्हणजे नुसत्या या चहासाठी दिवसाला 680 टन ऊस गाळावा लागेल. वर्षाला अडीच लाख टन.

दाताला मात्र टनांशी देणंघेणं नाही, तो खेपा मोजतो. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच (आम्लतेची मोजपट्टी, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5च्या खाली उतरला की एनॅमल, म्हणजे दाताचं कवच, विरघळू लागतं, आणि लाळेला तोंड पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो. हे कवच जाडात जाड अडीच मिलिमीटर. एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही. कप एका बैठकीत संपवणारा अर्ध्या तासात सुटतो. तोच कप दिवसभरात चारदा पुरवून पिणारा दोन तास दात आम्लात ठेवतो.

कोलाचा पीएच 2.5च्या आसपास. वरच्या 5.5शी फरक तीनचाच दिसतो, पण या मोजपट्टीवर दर पायरी दहापटीची. म्हणजे आम्लता हजारपट. बिनसाखरेचा कोलाही त्याच पंगतीतला. ताक आंबट खरं, पण त्यातल्या कॅल्शियममुळे दाताला फारसं बाधत नाही.

दाताचा संबंध पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडशीही आहे, आणि त्याचा हिशेब टनांच्या उलट, अगदी बारीक. लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, 1.5 ही शेवटची मर्यादा. दहा हजार लिटरच्या टँकरात हा फरक भरतो अवघा पाच ग्रॅम. कलबुर्गी जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरचं पाणी ही मर्यादा ओलांडतं. आठ वर्षांच्या आतलं लेकरू तेच पाणी पीत राहिलं, तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात ते कायमचे. उकळूनही फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

तेव्हा बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. गोड पेयानंतर साध्या पाण्यानं चूळ भरा. आणि कोला किंवा लिंबू सरबत पिऊन लगेच ब्रश करू नका, अर्धा तास थांबा.